वैशाखांतील बाळंतिणीची खोली

मालवणच्या किनाऱ्यावर भर वैशाखांत प्रसूत झालेली स्त्री अजूनही कांहीं घरांतून बंद खोलीत आढळते. खिडक्या लावलेल्या, कानांना फडकें गुंडाळलेलें, खाटेखालीं शेगडी आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी. शेजारीं टोपडें घालून दुपट्यांत लपेटलेलें अर्भक. श्रावणाच्या झडींत, ओल्या भिंतींच्या घरांत या व्यवस्थेंत ऊब तरी मिळे. उन्हाळ्यांत तीच व्यवस्था मायलेकरांच्या जिवावर उठूं शकते.

कोंकणांत उष्मा विदर्भाइतका नसतो, असें म्हणून पुष्कळजण निश्चिंत राहतात. नागपुरास पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि येथें तितका चढत नाहीं, हें खरेंच. परंतु शरीर निवतें तें घाम येण्यानें नव्हे, तर घाम वाळण्यानें. समुद्राकांठच्या हवेंत बाष्प आधींच इतकें असतें कीं, घाम नुसता ओघळतो आणि उष्णता अंगांतच कोंडते. हवामान खात्याचें मापही येथें निराळें आहे: सपाट प्रदेशांत निदान ४० अंश झाल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, तर किनाऱ्यावर पारा ३७ अंशांवर जाऊन सरासरीहून साडेचार अंश अधिक झाला म्हणजे होतो. याच कारणानें विदर्भांत गुणकारी ठरणारे वाळ्याचे ओले पडदे मालवणांत फारसे उपयोगीं पडत नाहींत. ते दमटपणांत भरच घालतात. येथें वारा हवा. समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या आणि पंखा चालू ठेवावा.

खोलीची निवडही महत्त्वाची आहे. चिऱ्याच्या भिंतींचें, कौलारू घराचें माजघर दुपारीं पुष्कळ सुसह्य असतें. उलट नव्या बंगल्याच्या गच्चीखालची खोली रात्रीं उशिरापर्यंत धगधगत राहते. अहमदाबादेंत २०१० सालच्या भीषण उन्हाळ्यांत नवजात बालकें उष्म्यानें आजारी पडूं लागलीं. तेथील एका रुग्णालयांत प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खालीं आणल्यावर अशा बालकांचें प्रमाण घटल्याचें पुढें अभ्यासांत दिसून आलें.

अर्भकाला घाम बेताचाच येतो, वजनाच्या मानानें त्याची त्वचा विस्तृत असते, आणि अंगावरचें दुपटें दूर सारणें त्याच्या हातीं नसतें. म्हणून उन्हाळ्यांत एक पातळ सुती झबलें पुरे. घरांत टोपडें नको. बाळाच्या कांखेंतील उष्णता ३६·५ ते ३७·५ अंश असावी. ती वाढल्यास कपडे सैल करून, त्यास सावलींत हवेशीर जागीं घेऊन अंगावर पाजावें. तरीही ताप उतरत नसेल, बाळ मलूल होऊन दूध ओढीत नसेल, तर तो नुसता उष्मा नसून जंतुसंसर्गही असूं शकतो. अशा वेळीं घरगुती उपायांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा.

बाळंतिणीला पाणी तोडण्याची चाल तर सर्वांत वाईट. दुधांत सुमारें ८७ टक्के पाणीच असतें. तें आईच्या शरीरांतूनच यावयाचें. तिनें तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी, ताक, पेज घेत राहावें. बाळाला मात्र सहा महिने वरचें पाणी मुळींच देऊं नये. उन्हाळ्यांत वारंवार पाजणें हाच उपाय. गर्भवतीलाही हाच नियम लागू आहे. तीव्र उष्म्याचा अकाली प्रसूतीशीं व मृतजन्माशीं संबंध असल्याचें अनेक देशांतील पाहणींत आढळलें आहे. तेव्हां दुपारीं बारा ते तीन या वेळांत तिनें चुलीपुढें व उन्हांत राहूं नये.

घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना तेलमालीश व न्हाणें सोडवणार नाहीं, आणि तें सोडण्याचें कारणही नाहीं. तें सकाळच्या गारव्यांत, कोमट पाण्यानें व्हावें. शेगडी तेवढी पावसाळ्यापर्यंत माळ्यावर असावी.