टपाल-तिकिटावरून इतिहास-भूगोलाचा पाठ

टपालाचे तिकीट म्हणजे टपालहशील भरल्याची खूण, एवढेच आपण विद्यार्थ्यांस सांगतो. परंतु त्या बोटभर कागदावर राज्य आपली ओळखही छापीत असते. कोणते चित्र निवडले व कोणते वगळले, हे पाहण्याची सवय मुलांस लावली, तर इतिहास व भूगोल या दोन्ही विषयांचा पाठ एका तिकिटावरून देता येईल.

उदाहरण आपल्याच मुलखाचे घेऊ. येडशी व सभोवारचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीस २५ वर्षे झाल्याप्रीत्यर्थ १९३७ मध्ये चार स्मारक-तिकिटे काढण्यात आली. त्यांवर युनानी दवाखाना, उस्मानिया रुग्णालय, उस्मानिया विद्यापीठ व ज्युबिली हॉल यांची चित्रे होती. चारही वास्तू हैदराबाद शहरातील. मराठवाड्याचा डोंगर, नदी वा गाव त्यांत नव्हते. त्याआधी १९३१ मध्ये निघालेल्या नेहमीच्या तिकिटांत मात्र ८ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि १ रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार होता. साध्या पत्रास एवढे हशील लागत नसे. सबब खेड्यातील पत्रांवर ही चित्रे क्वचितच आली असतील.

१९५० मध्ये संस्थानाचे टपाल भारतीय टपालखात्यात विलीन झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ती तिकिटे कालबाह्य झाली. अजिंठा व दौलताबाद जागच्या जागी आहेत.

हा पाठ घेताना गावच्या टपालकचेरीतून एखादे चित्रमय तिकीट आणावे. त्याची किंमत, वर्ष, चित्र व ते काढण्याचे निमित्त मुलांकडून वाचून घ्यावे. नंतर महाराष्ट्राच्या वर्धापनदिनासाठी आपल्या गावाचे तिकीट प्रत्येकास काढावयास सांगावे. येडशीचा विद्यार्थी रामलिंगाचे देऊळ काढील, कोणी बालाघाटची रांग, तर कोणी आजोबांकडून ऐकलेली बार्शी लाईटची छोटी गाडी काढील. चित्र मात्र एकच असावे. तेच का निवडले आणि काय वगळावे लागले, हे त्याने दोन वाक्यांत लिहावे. शिक्षकांनी चित्राच्या सुबकतेपेक्षा या दोन वाक्यांकडे अधिक लक्ष द्यावे.