हतनूरची सहल : इथे पाऊस नाही, मग दरवाजे का उघडले?



जुलै-ऑगस्ट आला की आपल्या खान्देशात एक बातमी हमखास येते, "हतनूरचे दरवाजे उघडले." मग रविवारी भुसावळकडे गाड्या लागतात. वर्गातली मुलंही मागे लागतात, सर, आपण पण जाऊ ना! जा, जरूर न्या. पुलावरून किंवा काठावरून दिसणारं ते तांबूस पाणी, तो आवाज, अंगावर येणारे तुषार मुलं विसरत नाहीत. पण जाण्याआधी वर्गात एक तास या धरणासाठी ठेवा. कारण आमच्या सहलीत सातवीतल्या एका मुलीने असा प्रश्न विचारला, की आम्हीच गडबडलो. ऊन पडलेलं, रस्ता कोरडा, आठ दिवस जळगावात थेंब नाही. ती म्हणाली, "इथे पाऊसच नाही, मग एवढं पाणी आलं कुठून?"

नकाशा काढा. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि बऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते. पूर्णा गाविलगडच्या डोंगरातून निघून अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून येते. दोघी चांगदेवला भेटतात. संगमावरचं ते जुनं दगडी मंदिर सहलीत जोडून घ्या. या दोन नद्यांचं पाणी पुढे हतनूरला अडतं. धरणाच्या वर सुमारे २९ हजार चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे, म्हणजे जवळजवळ अडीच जळगाव जिल्हे! गिरणा आणि वाघूर तापीला मिळतात त्या धरणाच्या खाली. म्हणून जळगाव शहरात कितीही कोसळला तरी हतनूर भरत नाही, आणि मेळघाटात कोसळला की इथे ऊन असताना नदी चढते.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न : धरण भरलेलं नसतानाही पाणी का सोडतात? वाया नाही का जात? इथे मुलांना गणित घालू द्या.

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख ३० हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर १० हजार लिटरचा धरा. दर सेकंदाला २८३ टँकर! (हा आकडा फळ्यावर आला की वर्ग गप्प होतो.) असा प्रवाह २४ तास चालला तर ८.६४ टीएमसी, म्हणजे सुमारे २४५ दशलक्ष घनमीटर पाणी येतं. आणि हतनूरचा उपयुक्त साठा? २५५ दशलक्ष घनमीटर. एका दिवसाचा मोठा पूर जवळजवळ सगळं धरण भरून टाकतो. शिवाय गाळाने जागा खाल्लेली आहे ती वेगळीच. त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला पातळी मुद्दाम खाली ठेवतात, गढूळ पाणी जाऊ देतात आणि पाऊस सरता सरता धरण भरून घेतात. म्हणूनच तब्बल ४१ दरवाजे आहेत. गिरणा धरणाची गोष्ट उलटी. ते मोठं, पण भरायला चांगलं वर्ष लागतं.

दरवाजे कसे उघडतात तेही दाखवा. मुलांना वाटतं पाणी वरून धबधब्यासारखं पडतं. तसं नाही. हे वक्र दरवाजे वर उचलले जातात आणि पाणी खालच्या फटीतून, मागच्या सगळ्या पाण्याचा दाब घेऊन सुटतं. त्यामुळे "फक्त एक मीटर उघडले" हे ऐकून हायसं वाटू देऊ नका.

खरी काळजी इथेच आहे. धरणाखाली पात्रातले खडक उघडे दिसतात, पोरं सेल्फीसाठी उतरतात. आभाळ मोकळं आहे म्हणून मोठी माणसंही काही बोलत नाहीत. पण हे पाणी आपल्या आभाळाचं नाहीच. वर आवक वाढली की इथे आणखी दरवाजे उचलले जातात आणि पाहता पाहता खडक बुडतात. भोंगा वाजला तर सामान गोळा करत बसू नका, आधी मुलं वर काढा. आमचा नियम साधा आहे : पात्रात कुणीही उतरायचं नाही, चप्पल वाहून गेली तर गेली.

निघायच्या आदल्या दिवशी जळगावचा नव्हे, बऱ्हाणपूर आणि मेळघाटचा पाऊस बघा. विसर्ग वाढवल्याची सूचना असेल तर तारीख पुढे ढकला, मुलं रुसली तरी चालेल. धरणावर जायचं असेल तर पाटबंधारे विभागाची लेखी परवानगी आधी घ्या, ती बाग नाही.

धुळ्याच्या शिक्षकांनो, हा धडा तुमचाही आहे. हतनूरहून सुटलेलं पाणी शिंदखेडा तालुक्यात सुलवाडे बॅरेजला येतं, मग सारंगखेडा, प्रकाशा आणि पुढे गुजरातेत उकाई. तुमच्या मुलांना सुलवाड्याला नेलंत तर तिथे उभं राहून हाच प्रश्न विचारा, की हे पाणी कुठल्या गावच्या पावसाचं? आमच्या त्या मुलीने परतीच्या गाडीत वहीवर तापीची रेघ काढली आणि मुलताईपासून एकेक गाव लिहीत आली. बऱ्हाणपूर राहिलं होतं, ते शेजारच्याने सांगितलं.