छोटीं इंजिनें आणि निवृत्तीचे दिवस

नोकरींतून निवृत्त झालेल्या मनुष्याला वेळ कसा घालवावा हा प्रश्न पडतो, असें सामान्यतः मानलें जातें. पण ज्याचीं बोटें चाळीस वर्षें कांहीं ना कांहीं घडवीत आलीं, किंवा ज्याला तशी इच्छा असूनही कचेरीच्या कामांतून कधीं सवड झाली नाहीं, अशा मनुष्याचा प्रश्न याच्या अगदीं उलट असतो. हातीं उरलेल्या वर्षांत कोणतें काम पुरें होईल, हा तो प्रश्न होय. घरच्या लहानशा कारखान्यांत वाफेचीं छोटीं, पण खरोखर चालणारीं इंजिनें बांधण्याचा जो छंद इंग्लंडांत सव्वाशे वर्षें जोपासला गेला आहे, त्याचा विचार या दृष्टीनें करण्यासारखा आहे.

या छंदाला तिकडे ‘मॉडेल एंजिनिअरिंग’ म्हणतात. बाजारांतील खेळण्याशीं किंवा कांचेच्या कपाटांत ठेवण्याच्या प्रतिकृतीशीं त्याचा घोटाळा करूं नये. प्रतिकृति हुबेहूब दिसली कीं तिचें काम झालें. येथें मात्र भट्टींत खरा कोळसा जळला पाहिजे, पाण्याची खरी वाफ झाली पाहिजे, आणि त्या वाफेच्या जोरावर मागच्या गाडीवर बसलेलीं माणसें ओढलीं गेलीं पाहिजेत. १८९८ च्या जानेवारींत पर्सिव्हल मार्शल यांनीं लंडनमध्यें ‘मॉडेल एंजिनिअर’ हें नियतकालिक सुरू केलें, आणि त्याच वर्षीं तेथें अशा हौशी लोकांची एक संस्थाही स्थापन झाली. पुढें गांवोगांव मंडळें निघालीं. आपापल्या बागांतून त्यांनीं साडेतीन व पांच इंच अंतराचे रूळ टाकले, आणि सुट्टीच्या दिवशीं त्यांवरून मुलांना फिरविण्याचा प्रघात पडला.

नवख्या मनुष्याची पहिली समजूत अशी असते कीं, मोठ्या इंजिनाचा नकाशा घ्यावा, प्रत्येक माप सोळानें भागावें, आणि त्याबरहुकूम सारें घडवावें. म्हणजे छोटें इंजिन आपोआप चालूं लागेल. तें चालत नाहीं. आकार लहान करतां येतो. निसर्गाचे नियम त्याच्याबरोबर लहान होत नाहींत. या छंदांतील खरें शिक्षण येथूनच सुरू होतें.

साडेतीन इंच रुळांच्या इंजिनाचें उदाहरण घ्यावें. चार फूट साडेआठ इंच अंतराच्या रुळांवर धांवणाऱ्या इंजिनाचा हा सुमारें सोळावा हिस्सा. लांबी सोळापट घटली, म्हणजे पृष्ठभाग २५६ पट आणि घनफळ ४०९६ पट घटलें. चौसष्ट टनांचें धूड या हिशेबानें अवघें साडेपंधरा किलोंचें होतें. घनफळ पृष्ठभागापेक्षां इतकें अधिक घटल्यामुळें, आंतल्या वाफेच्या मानानें तिला थंड करणारा धातूचा पृष्ठभाग सोळापट मोठा ठरतो, आणि सिलिंडरांत शिरतांच बरीचशी वाफ पुन्हां पाणी होऊन बसते. हंडाभर पाणी तासभर गरम राहतें आणि वाटीभर पाणी हां हां म्हणतां निवतें, त्यांतलाच हा प्रकार.

बॉयलरची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरांत भट्टींतील ऊन वायु ज्या नळ्यांमधून जातात, त्या सुमारें दोन इंच व्यासाच्या आणि संख्येनें दोनशेंच्या घरांत असतात. दोन इंचांचा सोळावा हिस्सा म्हणजे कारागिरांच्या भाषेंत एक सूत, इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा भोंकांतून धूर नीट वाहत नाहीं. शिवाय काजळीचे कण कांहीं सोळापट बारीक होत नाहींत, त्यामुळें नळ्या पाहतां पाहतां बुजतात. म्हणून जाणता कारागीर दोनशें नळ्यांचा मोह सोडतो आणि तीन सूत व्यासाच्या दहाबारा नळ्या बसवितो. त्यासाठीं एक जुना ठोकताळा आहे. नळीची लांबी इंचांत घ्यावी, तिला आंतील व्यासाच्या वर्गानें भागावें. भागाकार पन्नास ते सत्तर यांच्या दरम्यान आला म्हणजे नळी जमली. आंतून तीन सूत व्यासाची नळी नऊ इंच लांब असली तर हा आंकडा बरोबर चौसष्ट येतो.

पाण्याची पातळी दाखविणाऱ्या कांचेच्या नळीचेंही असेंच आहे. अति बारीक नळींत पाणी कडांना चिकटून वर चढतें आणि तेथेंच अडकून राहतें. बॉयलरांतलें पाणी संपत आलें असतां नळी मात्र भरलेली दिसावी, यापेक्षां घातक फसवणूक दुसरी नाहीं. तेव्हां ही नळी प्रमाणापेक्षां जाडच घ्यावी लागते. मग ती इंजिनाच्या रूपाला शोभो वा न शोभो.

एवढ्या लहान भट्टींत कोळसा टिकून जळेल कीं नाहीं, याविषयींही एकेकाळीं मोठा वाद होता. दुकानांत मिळणारीं छोटीं इंजिनें तेव्हां बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर चालत. ‘एल्. बी. एस्. सी.’ या टोपणनांवानें लिहिणारे कर्ली लॉरेन्स (१८८३ ते १९६७) यांनीं १९२० नंतरच्या दशकांत ‘आयेशा’ नांवाचें अवघ्या अडीच इंच रुळांचें इंजिन कोळशावर चालवून दाखविलें, आणि त्याच्याकडून चांगल्या मोठ्या माणसाला ओढवून घेतलें. त्यानंतर कित्येक वर्षें ते छोट्या इंजिनांच्या बांधणीवर लेखमाला लिहीत राहिले. भाषा घरगुती, शेजाऱ्याशीं कुंपणावरून बोलावें तशी. कानस कधीं हातांत न धरलेल्या माणसांनीं केवळ त्या लेखांच्या आधारानें इंजिनें बांधलीं, हें त्यांचें खरें श्रेय.

त्यांनीं नवशिक्यांसाठीं आंखलेलें ‘टिच’ नांवाचें चार चाकांचें इंजिन फार लोकप्रिय झालें. पण नवशिक्यांचें म्हणून आंखलेलें इंजिनही कित्येकांचीं दोनतीन वर्षें घेतें. पांच इंच रुळांचें मोठें इंजिन तर सहज दहा वर्षें खातें. जुन्या यंत्रांच्या विक्रीच्या याद्या पाहिल्या तर त्यांत सांगाडा व चाकें तयार झालेलीं, पण बॉयलर न झालेलीं इंजिनें हटकून आढळतात. पन्नाशीच्या उमेदीनें आरंभिलेलें काम सत्तरीच्या हातांना पेललें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून साठीला पोंचलेल्या मनुष्यानें पहिल्याच उडीला रेल्वेचें इंजिन हातीं घेऊं नये. जागच्या जागीं फिरणाऱ्या एखाद्या साध्या इंजिनापासून आरंभ करावा, हें बरें.

असें इंजिन कोणतें, असें विचारल्यास स्टुअर्ट कंपनीच्या ‘टेन व्ही’ या उभ्या इंजिनाकडे बोट दाखवितां येईल. त्याच्या सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, दट्ट्याची धांवही पाऊण इंच, आणि गतिचक्र तीन इंचांचें. कंपनीकडून बिडाचे ओबडधोबड ओतीव भाग आणि नकाशा मिळतो. बाकीचें सारें घरीं करावयाचें. सिलिंडरचा ओतीव तुकडा हातीं आला कीं लगेच कांतावयास घेऊं नये. आधीं त्याचें आंतलें भोंक मधोमध आहे कीं एका बाजूस सरकलेलें आहे, हें मोजून पाहावें आणि खुणा कराव्यात. मग तो लेथवर घट्ट बांधून भोंक कांतावें, आणि तो न हलवितां त्याच बांधणींत त्याचें एक तोंडही सपाट करून घ्यावें. एकाच बांधणींत केलेलीं हीं दोन्ही कामें एकमेकांशीं आपोआप काटकोनांत येतात. तुकडा मध्येंच काढून पुन्हां बांधला, तर काटकोनाची खात्री संपली. बहुतेक नवशिक्यांचें पहिलें इंजिन अडखळत चालतें, त्याचें कारण पुष्कळदां येथेंच सांपडतें.

दट्ट्या सिलिंडरांत इंचाच्या एकदोन हजारांशांइतका सैल असावा लागतो. माणसाचा केंस साधारण तीन हजारांश जाड असतो, यावरून हें अंतर ध्यानांत येईल. साठीच्या डोळ्यांना तें दिसणार नाहीं. पण मापकाला दिसतें, आणि बोटांना थोड्या संवयीनें कळूं लागतें. त्यानंतर वाफेची सरकती झडप बसवावयाची. ती वाफेला पाळीपाळीनें दट्ट्याच्या वर व खालीं सोडते. हिची वेळ जरा चुकली कीं चक्र अर्धा फेरा घेऊन थबकतें. पहिली चांचणी वाफेवर न घेतां दाबलेल्या हवेवर घ्यावी. हवेनें भाजत नाहीं, आणि दोष शोधतांना इंजिनाला हात लावतां येतो.

या कामाला लेथ हवाच. इंग्लंडांतील घरगुती कारखान्यांत बीस्टन येथील मायफर्ड कंपनीचा, १९४६ सालीं निघालेला ‘एम्. एल्. ७’ जातीचा लेथ फार दिसतो. त्याच्या केंद्राची उंची साडेतीन इंच, म्हणजे सात इंच व्यासापर्यंतची वस्तु त्याच्या पाटावर फिरवितां येते. कंपनीचा बीस्टनचा कारखाना २०११ मध्यें बंद पडला. तरी ते जुने लेथ अद्याप चालू आहेत. भारतांत राजकोट व बटाळा येथें लेथ तयार होतात. ते बहुधा कारखान्यांसाठीं असल्यामुळें वजनदार असतात, आणि तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत त्यांपैकीं एखादा चढविण्यापूर्वीं घरच्या मंडळींशीं बोलून घेतलेलें बरें. परळ-माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांत ज्यांची हयात गेली, त्यांच्या हातांना या कामाची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. पुण्यास कोथरूड भागांत जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय आहे, तें पाहण्यासारखें आहे. तेथील गाड्या मात्र विजेवर चालतात, त्यांचा प्रांत निराळा.

लेथजवळ काम करतांना सैल बाह्या व गळ्यांतला पंचा चालत नाहीं. डोळ्यांवर कांच हवी. आणि चकाची किल्ली चकांतच विसरून यंत्र सुरू करण्याइतकी धोक्याची विसर दुसरी नाहीं. वय वाढतें तशी ती वाढते, म्हणून किल्ली हातांतून सुटली कीं खुंटीवरच गेली पाहिजे, अशी संवय लावून घ्यावी.

आतां बॉयलर. येथें हौसेला मर्यादा पडते. छोटे बॉयलर बहुधा तांब्याचे करतात, कारण तांबें गंजत नाहीं व उष्णता लवकर पोंचवितें. त्याचे सांधे शिशाकथलाच्या डाखानें जोडूं नयेत. तो डाख १८३ अंश सेंटिग्रेडच्या आसपास वितळूं लागतो, आणि चौरस इंचावर शंभर पौंड दाब असलेली वाफच मुळीं १७० अंशांवर असते. पाणी थोडें कमी पडलें कीं संपलें. म्हणून चांदीमिश्रित झाळ वापरतात. ती सहाशें ते सातशें अंशांच्या दरम्यान वितळते, आणि तांबें १०८३ अंशांपर्यंत तग धरतें. जुन्या पद्धतीच्या कांहीं झाळींत कॅडमियम असे. त्याचा धूर फुप्फुसांना अत्यंत विषारी असल्यामुळें युरोपांत २०११ पासून तशा झाळीवर बंदी आहे. एखाद्या जुन्या डब्यांत उरलेली कांडी सांपडली, तर ती फुकट मिळाली म्हणून वापरूं नये. बॉयलरवरील नळांच्या बैठकाही पितळेच्या करूं नयेत. गरम पाण्यांत पितळेंतील जस्त हळूहळू निघून जातें आणि मागें ठिसूळ चाळण उरते. तेथें कांसेंच हवें. झाळल्यावर बॉयलर सौम्य आम्लांत बुडवून स्वच्छ करतात. तें तयार करतांना पाण्यांत आम्ल ओतावें. आम्लांत पाणी कधींही ओतूं नये.

झालेल्या बॉयलरची पहिली परीक्षा वाफेनें नव्हे, थंड पाण्यानें होते. तो कांठोकांठ पाण्यानें भरून, आंत हवेचा बुडबुडाही न ठेवतां, हातपंपानें कामाच्या दुप्पट दाबापर्यंत नेतात. शंभर पौंडांवर चालावयाचा असेल तर दोनशें पौंड. पाणी जवळजवळ दाबलें जात नाहीं, म्हणून त्यांत शक्ति सांठत नाहीं. सांधा उकलला तर चार थेंब गळतात आणि दाबमापकाचा कांटा खालीं येतो, एवढेंच. हीच परीक्षा हवेनें किंवा वाफेनें घेतली, तर तोच सांधा खोलींतल्या माणसांचा जीव घेईल. पुढील वर्षांतील परीक्षा दीडपट दाबानें होतात. त्यानंतर वाफेची परीक्षा. भट्टी पूर्ण पेटवून सर्व वाटा बंद करतात, आणि सुरक्षा झडप एकटी दाब आंवरूं शकते कीं नाहीं हें पाहतात. मर्यादेपेक्षां दहाव्या हिश्शाहून अधिक दाब चढला, तर झडप बदलावी लागते. मग इंजिन कितीही सुरेख असो.

ही परीक्षा कर्त्यानें स्वतःच घेऊन चालत नाहीं. इंग्लंडांतील मंडळांत ती दुसराच जाणता सभासद घेतो, बॉयलरवर अंक ठोकलेला आहे कीं नाहीं तें पाहतो, आणि तारीख व दाब लिहून दाखला देतो. इंजिन पुढें नातवाच्या किंवा एखाद्या परक्याच्या हातीं गेलें, तर तो दाखला त्याच्याबरोबर जातो. आणि नव्या मालकाला भट्टी पेटविण्यापूर्वीं पुढची परीक्षा केव्हां घ्यावयाची हें त्यावरून कळतें.