उघड्यावरची खुर्ची प्लायवुडची का?

प्लायवुड पावसात फुगतं आणि स्टील गंजतं, हे सांगायला पीएचडी लागत नाही. तरीही १९५१ साली लंडनमध्ये मुद्दाम उघड्यावर ठेवण्यासाठी स्टील आणि प्लायवुडची एक खुर्ची बनवली गेली. असं का? वस्तूंवर संशोधन करायचं असेल, तर सरावासाठी हा प्रश्न चांगला आहे.

आधी संदर्भ बघा. दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती. थेम्सच्या दक्षिण काठावर 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' हे प्रदर्शन मे ते सप्टेंबर भरलं. तिथल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या मोकळ्या सज्जांसाठी अर्नेस्ट रेस यांनी 'अँटेलोप' खुर्ची केली. सांगाडा बारीक स्टीलच्या सळईचा, बैठक रंगवलेल्या प्लायवुडची, आणि पायांच्या टोकाला छोटे गोळे.

इथे बरेच जण 'मिड-सेंच्युरी मॉडर्न शैली' असं लिहून मोकळे होतात. पण शैलीचं नाव म्हणजे कारण नव्हे. वस्तू कशी दिसते ते त्यातून कळतं. अशी का झाली ते कळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: तेव्हा मिळत काय होतं? ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई होती. सरकारची 'युटिलिटी फर्निचर' योजना १९४२ पासून १९५२ पर्यंत चालली. रेस यांनी १९४५ ची 'बीए' खुर्ची तर युद्धाच्या भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून केली होती. हे माहीत असलं की सळईचा सांगाडा नुसती हौस वाटत नाही.

दुसरा प्रश्न: साहित्य वागतं कसं? लाकूड ओलं झालं की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. प्लायवुडमध्ये शेजारशेजारचे थर काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. मग सगळी भिस्त गोंदावर आणि उघड्या कडांवर येते. युद्धात 'मॉस्किटो' या लाकडी विमानाचा केसिनचा गोंद दमट हवेत टिकेना, तेव्हा कृत्रिम रेझिनचा गोंद वापरात आला. सळईचंही तसंच. ती भरीव असल्याने नळीसारखं आत पाणी साचत नाही. पण रंगाचा टवका उडाला की तिथून गंज धरतो.

तिसरा प्रश्न, जो हमखास राहून जातो: 'बाहेर' म्हणजे नेमकं कुठे आणि किती दिवस? लंडनच्या प्रदर्शनातले पाच महिने वेगळे आणि समुद्रकाठचं घर वेगळं. फ्लोरेन्स नॉल फ्लोरिडात राहायला गेल्या, तेव्हा तिथल्या खाऱ्या हवेत त्यांचं बाहेरचं फर्निचर टिकेना. त्यांच्या सांगण्यावरून रिचर्ड शुल्ट्झ यांनी नवा संच केला. तो १९६६ साली आला, आणि त्याच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या होत्या. 'कोणतं साहित्य चांगलं' हा वाद जागा आणि काळ सांगितल्याशिवाय घालता येत नाही.

आता त्या गोळ्यांकडे या. अणूच्या प्रतिकृतीत असतात तसे ते दिसतात, म्हणून त्यांना अणुयुगाचं प्रतीक म्हणतात. उलट असंही म्हणता येईल, की सळईचं उघडं टोक जमिनीत रुतलं असतं, गोळ्यामुळे भार पसरतो. दोन्ही पटतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. प्रतीकाचा दावा करायचा तर त्या काळचं लेखन, रेखाटनं, जाहिराती शोधाव्या लागतील. उपयोगाचा दावा करायचा तर खुर्ची उलटी करून झीज बघावी लागेल. दोन दाव्यांसाठी दोन वेगळी कामं.

तुमच्या प्रस्तावातही जिथे जिथे 'म्हणून' किंवा 'कारण' आलंय, तिथे समासात पुरावा कुठला ते लिहा. जागा कोरी राहिली, तर तिथे तुमचा खरा संशोधनप्रश्न सापडायची शक्यता आहे. गाइडसमोर जाण्याआधी एवढं कराच.