शहर वाचताना : राजाबाई टॉवर

राजाबाई टॉवर पाहायचा तर दुपारी साडेचारनंतर, ओव्हल मैदानातून. फूटपाथवर टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून मान दुखवून घेण्यात अर्थ नाही. मैदानात क्रिकेटचे डाव चाललेले असतात, सूर्य पाठीमागे पश्चिमेला कलतो आणि त्या उन्हात 280 फुटांचा दगड हळूहळू पिवळा होत जातो. मैदानाच्या पश्चिमेला आज इमारतींची रांग आहे. टॉवर बांधला तेव्हा तिकडे समुद्र होता.

हे नाव कुणा राणीचं किंवा गव्हर्नरच्या बायकोचं नाही. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअर बाजाराच्या बड्या व्यापाऱ्याची आई राजाबाई. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या तेजीत, 1864 मध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख. टॉवरला आईचं नाव मात्र हवं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि प्रेमचंदही त्यात बुडाले. आधी दिलेलं हे दान तेवढं उरलं. 1869 मध्ये पायाभरणी झाली, 1878 मध्ये टॉवर पुरा झाला.

राजाबाईंना दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नेम त्यांना पाळता यावा म्हणून मुलाने त्यांच्यासाठी घंटा उभारली, असं सांगतात. मला ही कथा आवडते. या टॉवरचं खरं काम तीत नेमकं आलंय. मनगटावर घड्याळ नसलेल्या शहराला तो कानांनी वेळ सांगत होता. ती वेळही मुंबईची स्वतःची असे. 1906 मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरल्यावरही तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ इथे 1955 पर्यंत टिकून होती. पूर्वी या घंटांवर सोळा धुना वाजत. आता दर पंधरा मिनिटांनी टोले पडतात.

आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईला कधी आलेच नाहीत. कागद लंडनहून आले, दगड कुर्ल्याचा आणि हात इथले. म्हणून दुर्बीण असेल तर जरूर घेऊन जा. वर, पाहणाऱ्याच्या नजरेत सहज न येणाऱ्या उंचीवर, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. इंग्लंडच्या गॉथिक मनोऱ्यावर एरवी संत उभे असतात. इथे पागोटी दिसतात, आपल्याकडचे पेहराव दिसतात. हे पुतळे रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने घडवले. स्कॉटचं नाव प्रत्येक गाइड सांगतो, मुकुंद रामचंद्रांचं क्वचितच कुणी. ते सांगायला हवं.

2015 मध्ये डागडुजी पुरी झाली तेव्हा ग्रंथालयाच्या रंगीत काचांवरची धूळ उतरली. सर्वसामान्यांना वर चढता येत नाही. पण पावणेसहाला मैदानात थांबा. सहाचे टोले पडतात, पुढचा चेंडू टाकायला धावत निघालेला मुलगा क्षणभर वर बघतो आणि पुन्हा धावू लागतो.