माळवदाखालची पेढी

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरसारख्या गावात सावकाराचा वाडा कुणाला विचारावा लागत नसे. काळ्या दगडाची आडमुठी भिंत, रस्त्याकडे खिडकी नावालाच, आणि गाडी-बैलासकट आत जाईल एवढा दरवाजा. रोजच्या वापराला त्यातच बसवलेली दिंडी. तिच्यातून जाताना भल्याभल्यांना वाकावं लागे. कर्ज मागायला आलेला तर आधीच वाकलेला असे.

आत ढाळज. उंच ओट्यावर गादी-तक्क्या नि वह्या. कापूस-जोंधळ्याचे भाव इथंच ठरत, बाकी इथंच लिहिली जाई. व्यवहाराचा माणूस सहसा इथूनच परते. पुढं चौक, ओसरी, माजघर आणि अगदी आत, अंधारात, धान्याचं बळद.

फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो दावान्झातीची मांडणी फार वेगळी नाही. चौदाव्या शतकात दाविझ्झी कुटुंबानं ते बांधलं. तळमजला लोकरीच्या व्यापाराला, वर घरदार, मधोमध चौक. विहिरीचं पाणी मात्र दोरीनं प्रत्येक मजल्यावर चढे. आपल्याकडच्या सुनांना ही सोय कळली असती, तर सासरी पहिला वाद त्यावरूनच झाला असता!

वाडा मोजायचा खणांत. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, त्यांवर कड्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर: हेच माळवद. मे महिन्यातही खाली गारवा. पावसाळ्याआधी माती चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. हयगय झाली की घरभर भांडी मांडायची.

१९११ साली बार्शी लाइटची छोटी रेल्वे लातूरला पोचली. १९१७ साली तिथं सोळा रस्ते एकत्र येणारी गंजगोलाईची बाजारपेठ उभी राहिली. भाव ठरवण्याची जागा हळूहळू ढाळजेतून अडत दुकानात गेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं माळवदाच्या या बांधणीची उलटतपासणी केली. माणसं गाडली गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. कित्येक घरांत भिंती ढासळल्या, खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभाच होता. पुढं घरं मजबूत करताना अभियंत्यांनी हाच सांगाडा धरला: खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू ठोकले, भिंतीत आरपार दगड घातले आणि माळवदावरची पिढ्यान्पिढ्या साचलेली माती खाली उतरवली.