वारस नोंद वाचूया : फेरफारात दडलेली आपली वंशावळ



परिसर अभ्यासात आपण मुलांना कुटुंबवृक्ष काढायला सांगतो. आई-बाबा, आजी-आजोबा इथपर्यंत गाडी नीट चालते. पणजोबांचं नाव विचारलं की मूल घरी फोन करतं. आणि पणजीचं नाव विचारलं की घरातले मोठेसुद्धा गप्प होतात! 'आम्ही तिला म्हातारी आईच म्हणायचो,' एवढंच उत्तर मिळतं.

हे नाव बऱ्याचदा कागदावर असतं. कुठे, ते आज पाहू.

युरोपात घराण्याचा इतिहास शोधणारे लोक मृत्युपत्रंही बघतात. माणूस गेला की त्याचं मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायचं, त्याला प्रोबेट म्हणतात. आपल्याकडे 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने मुंबई शहरातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट आवश्यक ठरवलं होतं. म्हणून आपले कुणी पूर्वज गिरणीत कामाला जाऊन मुंबईतच स्थायिक झाले असतील, तिथे घर किंवा दुकान केलं असेल, तर मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या नावाची फाइल असू शकते. पण आसनगाव, शहापूर, मुरबाडच्या शेतकऱ्याने मृत्युपत्र क्वचितच केलं. तो गेला, तेराव्यानंतर केव्हातरी मुलं तलाठ्याकडे गेली आणि वारस नोंद झाली. आपलं प्रोबेट म्हणजे हीच वारस नोंद.

ती शोधायची कशी? सातबारा हातात घ्या. खातेदारांच्या नावांजवळ वर्तुळात किंवा कंसात आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांकामागे गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, एक छोटी हकीकत लिहिलेली असते. वारसांच्या प्रकरणांची नोंदवही वेगळी, ती नमुना 6क. आजच्या सातबाऱ्यावरून मागचा फेरफार, त्यावरून जुना हस्तलिखित सातबारा, त्यावरून आणखी मागचा फेरफार, असं एकेक पायरी मागे जायचं. आपल्या भागात हक्कनोंदणीचा पाया 1903 च्या मुंबई कायद्याने घातला गेला. त्यामुळे कागद टिकले असतील तर चार पिढ्या सहज सापडतात.

नमुन्यादाखल कल्पित नावं घेऊन एक नोंद पाहू. 'खातेदार गोविंद राघो हे मयत. वारस : मुलगा काशिनाथ, मुलगा सखाराम अ.पा.क. आई भागीरथी, मुलगी ठकूबाई, विधवा भागीरथी.' दोनच ओळी आहेत, पण किती सांगतात बघा. पणजीचं नाव भागीरथी. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वडील गेले तेव्हा सखाराम लहान होता. गोविंदच्या वडिलांचं नाव राघो, म्हणजे आणखी एक पिढी मिळाली. पुढे कधी काशिनाथच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं, तर ते एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याच्या एकट्याच्या नावावर जमीन दिसते, पण ती सगळ्या भावांची असते. हे तीन अक्षरांचं लचांड न कळल्यामुळे धाकट्याची अख्खी शाखा वंशावळीतून गळते.

आता ठकूबाईकडे या. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली सहसा नसतात. त्यानंतर त्या दिसू लागतात, पण कितीदा तरी पुढच्याच एखाद्या फेरफारात लिहिलेलं असतं की बहिणीने हक्कसोड केली, सबब नाव कमी केलं. हा कागद जपून ठेवा. त्यात बहुतेक वेळा तिचं सासरचं नाव आणि गाव असतं. 'आमची एक आत्या मुरबाडकडे दिली होती' एवढीच आठवण असलेल्या घराला त्यातून आत्याचं घर सापडतं. तिने हक्क खुशीने सोडला की सोडावा लागला, हे मात्र फेरफार सांगत नाही. ते घरातल्या वयस्कर बायकांना विचारावं, तेही एकटीला गाठून.

तारखेबद्दल सावध राहा. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असा नियम असला, तरी सोसायटीचं कर्ज काढायची किंवा जमीन विकायची वेळ आली की मगच कितीतरी घरं जागी होतात. 1962 च्या फेरफारातला माणूस 1948 सालीही गेलेला असू शकतो. मृत्यूसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, बघायचं. जन्माच्या नोंदी शोधताना तिथे एक अडचण येते. बाळाचं बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते, म्हणून नावाऐवजी नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेलं असतं. वडिलांचं नाव आणि गाव यांवरून ताडून घ्यावं लागतं.

ज्यांचे आजोबा कुळ होते त्यांनी सातबाऱ्यावर कुळाच्या रकान्यात पाहावं. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनानंतर कुळकायद्याने जमीन मालकीची झाली, त्याआधी मालक म्हणून दुसऱ्याचंच नाव दिसेल. आणि कातकरी वाडीतल्या ज्या घरांना कधी जमीनच नव्हती, त्यांची वारस नोंद कुठून येणार? त्यांच्यासाठी कोतवाल बुक आणि आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर हेच दोन आधार. आपल्या कपाटातलं ते जुनं, वाळवी लागू पाहणारं रजिस्टर म्हणूनच मोलाचं आहे. त्याच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

हे नुसतं हौसेचं काम नाही. जात पडताळणीला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यातलं प्रत्येक नातं कागदाने जोडावं लागतं. अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरतात. बारावीनंतर प्रवेशाच्या धावपळीत आजोबांचं नाव एका कागदावर 'राघो' आणि दुसऱ्यावर 'राघू' निघालं की पालकांची त्रेधा उडते. मूल आठवीत असतानाच शोध सुरू केला तर सवडीने होतो.

कागद मागायचे तर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि शहापूर किंवा मुरबाड तहसीलचा अभिलेख कक्ष. गावाचं नाव, गट क्रमांक आणि जुना सर्व्हे नंबर लिहून अर्ज करा. ठाणे जिल्ह्यातल्या बऱ्याच जुन्या नोंदी स्कॅन होऊन महसूल विभागाच्या संकेतस्थळावरही आल्यात. नातेवाईक वाडा, मोखाड्याकडचे असतील तर 1 ऑगस्ट 2014 पासून ते तालुके पालघर जिल्ह्यात आहेत, तिथे शोधा. काही जुने कागद मोडीत निघतील, तेव्हा मोडी वाचक गाठावा लागेल. घरात कुणी नोंदणीकृत मृत्युपत्र केलं असेल तर ते दुय्यम निबंधकांच्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये असतं. करणारा हयात असेपर्यंत इतरांना नक्कल मिळत नाही, नंतर मिळते. दत्तक घेण्याचे अधिकारपत्रही त्याच पुस्तकात नोंदतात, हे विसरू नका.

कागद सापडलाच नाही तर? 30 जून 1922 रोजी डब्लिनमधल्या फोर कोर्ट्सला लागलेल्या आगीत आयर्लंडची बहुतेक जुनी मृत्युपत्रं जळाली. पण 1858 पासूनच्या प्रोबेटच्या छापील याद्या वाचल्या. त्यांत मृताचं नाव, गाव, मृत्यूची तारीख आणि मालमत्ता कुणाच्या ताब्यात दिली हे असतं. तिथले लोक आजही त्यावरूनच पुढे जातात. आपणही मूळ फेरफार नसेल तर 8अ, सोसायटीचं जुनं पासबुक, भावकीच्या सातबाऱ्यावरचं सामायिक नाव, असं बाजूबाजूने शोधायचं.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना सातबारा वर्गात आणायला लावू नका. त्यात कर्जाचा बोजा असतो, भावाभावांचे दावे असतात, आणि आपल्याकडे जमिनींचे भाव वाढल्यापासून तर नुसतं 'फेरफार' म्हटलं तरी काही घरांत आवाज चढतात. पालकांनी घरी बसून नावं काढावीत आणि मुलाने वर्गात फक्त नावं आणि नाती आणावीत. कुटुंबवृक्षात प्रत्येक पिढीला दोन चौकोन ठेवा, एक आजोबा-पणजोबांचा आणि एक आजी-पणजीचा. दुसरा चौकोन रिकामा राहिला तर राहू द्या, पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाला गेल्यावर तो भरता येईल.